करंगळीतले लोखंड

मित्रांनो, अंगठी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर सोने येते, हिरा येतो, साखरपुड्याचे पेढे येतात. मी त्यातली नव्हे. मी लोखंडाची आहे, काळी आहे, आणि वयाने पन्नाशी ओलांडलेली आहे. रस्त्यात पडले तर मला कुणी उचलणार नाही. नळाचा तुटका तुकडा समजून पायाने बाजूला सारतील. तरी माझी हकिगत ऐका. तिच्यात एका हुकूमशहाचे राज्य उभे राहते आणि पडते, एक भिंत पडते, आणि एक भला माणूस खरे बोलायला फार उशीर करतो. या सगळ्या काळात मी त्या माणसाच्या उजव्या करंगळीत होते.

माझा जन्म टोरोंटोचा. कॅनडात इंजिनियर होणाऱ्या मुलामुलींना शिक्षण संपताना एक साधी लोखंडी अंगठी देण्याची जुनी चाल आहे. दारे लावून घेऊन समारंभ होतो, गंभीर शब्दांत वचन दिले जाते. ते शब्द बाहेर सांगायचे नसतात, म्हणून मीही सांगत नाही. मला त्यातून जे कळले ते एवढेच, की जे आपल्याला पक्के वाटत नाही त्याला कुणासाठीही पक्के म्हणायचे नाही. पडलेल्या एका पुलाच्या लोखंडातून आम्हाला घडवतात अशी दंतकथा आहे. ती खरी नाही, पण आम्हा अंगठ्यांना ती ऐकायला आवडते.

ज्या हाताने माणूस लिहितो, त्याच हाताच्या करंगळीत मला घालतात. लिहिण्यासाठी हात टेकला की मी कागदाला लागते. नवी होते तेव्हा माझ्या अंगावर हातोडीचे पैलू होते आणि कडांना धार होती. सही करताना मी टोचायची. टोचणे हेच माझे काम होते.

माझ्या धन्याचे नाव शशिकांत. मी आयुष्यभर त्याच्या अंगावर राहिले, म्हणून त्याला अरेतुरे करते. तो मिरजेचा. एकोणीसशे सत्तर साली एक सुटकेस आणि एक उसना ओव्हरकोट घेऊन तो टोरोंटोला आला. एका पोलिश बाईच्या तळघरातल्या खोलीत राहून त्याने आणखी तीन वर्षे शिक्षण घेतले. त्र्याहत्तरच्या वसंतात मी त्याच्या बोटात आले, तेव्हा स्ट्रीटकारमधून घरी जाताना तो सारखा हातमोजा काढून मला बघत होता. बाहेर अजून बर्फ होते, बोटे गारठून लाल झाली होती, तरी बघत होता.

पुढच्या वर्षी मंदाकिनी लग्न होऊन आली. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्या करंगळीवरचा काळा डाग पाहिला.

"अहो, आमच्या बाबांनी सोन्याची घातली होती ती कुठाय?"

"बँकेच्या लॉकरमध्ये."

"आणि हे गंजकं बोटात?"

त्याने तिला सगळे समजावून सांगितले. ती ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने मला चिंचेने घासून काढले. मिरजेला गेलो तेव्हा तर मोठीच गंमत झाली. सासूबाईंनी जावयाला ताट वाढले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच लेकीला विचारले, "जावईबापूंना साडेसाती लागलीय का गं? मग मधल्या बोटात घालायची असते. कॅनडात सांगायला कुणी नाही वाटतं?" सगळी पंगत हसली. शशिकांतने हसत हसत सांगितले, की ही शनीची नव्हे, आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून घालायची अंगठी आहे. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे वाईटापासून राखणारीच ना? मग झालं की!"

ती माझी सुखाची वर्षे होती. आम्ही पूल बांधले, पाण्याच्या टाक्या बांधल्या. टोरोंटोच्या पश्चिमेला एटोबिकोला घर झाले, नंदनचा जन्म झाला. कणीक मळून देतो म्हणून शशिकांत मला काढून खिडकीत ठेवायचा आणि हात धुतल्याबरोबर पुन्हा घालायचा. शाळेच्या हॉलमध्ये गणपती बसायचा, तेव्हा व्यासपीठाची फळी हलते म्हणून त्याने एकदा आरती थांबवून खिळे ठोकवून घेतले होते. बायका वैतागल्या होत्या. मला मात्र फार अभिमान वाटला होता.

आता दुसऱ्या माणसाकडे वळते. सामोंडा नावाचा एक देश आहे असे समजा. तिथे तेबासा नावाचा एक कर्नल होता. एकोणऐंशी साली एका सकाळी त्याने रेडिओ केंद्र ताब्यात घेतले आणि वर्षभरात निवडणूक घेण्याचे वचन दिले. पहिल्या वर्षी तो सायकलवरून बाजारात जायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, स्वतःच्या हाताने पाव वाटायचा. लोक त्याला बाप म्हणू लागले. निवडणूक कधीच झाली नाही.

सामोंडाच्या डोंगरात तांबे होते. ते तांबे स्वस्तात हवे असणारे श्रीमंत देश दूर समुद्रापलीकडे होते. त्यांना तेबासा सोयीचा वाटला, कारण एकाच माणसाशी बोलले की काम व्हायचे. त्यांनी त्याला बंदुका दिल्या, कर्जे दिली, छातीवर लावायला पदके दिली. त्याचे विरोधक एकेक करून दिसेनासे झाले, तेव्हा या देशांचे राजदूत त्याच्याच बागेत सरबत पीत होते. कर्नलचा मार्शल झाला. बंदर बायकोला मिळाले, वर्तमानपत्र मुलाला मिळाले, आणि देशातला एकमेव सिमेंटचा कारखाना मेहुण्याला मिळाला.

या सिमेंटमुळेच आमचा त्या देशाशी संबंध आला. परदेशी कर्जातून मार्शलच्या नावाचे एक धरण बांधायचे होते. देखरेखीचे काम टोरोंटोच्या ज्या कंपनीला मिळाले, तिच्यात शशिकांत नोकरीला होता. शहाऐंशी साली तो मला घेऊन सामोंडाला गेला.

तिथल्या प्रयोगशाळेत इलायस होता. मित्रांनो, हे नाव लक्षात ठेवा. काँक्रीट ओतताना त्याचे छोटे ठोकळे करून ठेवतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवतात आणि मग यंत्राखाली दाबून फोडतात. किती दाबाला ठोकळा फुटला, त्यावरून भिंत किती पक्की ते कळते. हे काम इलायसचे होते. ठोकळा यंत्रात ठेवण्याआधी तो बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा आणि आकडा आधीच सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचा. मंदाकिनीने पाठवलेले मेतकूट त्याला इतके आवडले, की तो ते तळलेल्या माशावरही भुरभुरायचा.

"तुझ्या बायकोला सांग, हे सिमेंटमध्येसुद्धा चालेल," तो म्हणायचा.

"मिरजेत कुणाला सांगू नकोस. माशावर मेतकूट म्हटलं तर मला घरात घेणार नाहीत."

त्याने माझ्याबद्दल विचारले, तेव्हा शशिकांतने खरे ते सांगितले. इलायस म्हणाला, "म्हणजे ही तुझ्या बोटातली पोलीस आहे. छान. आमच्या देशातली प्रामाणिक पोलीस ही एकटीच."

दुसऱ्या वर्षी पोती बदलली. परदेशी सिमेंटच्या जागी मेहुण्याच्या कारखान्यातले आले, राखेच्या रंगाचे. ठोकळे पंचवीसच्या आकड्याला टिकायला हवे होते. ते सोळाला फुटू लागले, मग पंधराला, मग तेराला. सांडव्याची उंच भिंत, जिच्यावरून धरणातले जादा पाणी सोडायचे, ती नेमकी याच सिमेंटची झाली. इलायस प्रत्येक आकडा नोंदवहीत लिहीत होता. शशिकांत तेच आकडे आपल्या खिशातल्या छोट्या वहीत उतरवून घ्यायचा. वही तो मराठी अंकांत लिहायचा, लहानपणापासूनची सवय होती. मार्शलच्या माणसांनी पुढे त्याचे सामान तपासले, तेव्हा त्यांना ती देवाच्या मंत्रांची वही वाटली आणि त्यांनी ती परत दिली.

अठ्ठ्याऐंशी साली उद्घाटनाची तारीख ठरली. मार्शल गादीवर बसल्याचा तो वर्धापनदिन होता. काम पक्के झाल्याच्या दाखल्यावर शशिकांतची सही हवी होती. आदल्या संध्याकाळी इलायस त्याला म्हणाला, "खरं लिही. नोंदवही माझ्याकडे आहे. मी तुझ्या शेजारी उभा राहीन."

शशिकांतने मान हलवली होती. मी साक्षीला आहे.

सकाळी धरणावर मोठा तंबू होता. मार्शल आला, मागोमाग दोन-तीन राजदूत आले. मार्शलने शशिकांतचा हात हातात घेतला. त्याचा तळवा मऊ होता, गरम होता, आणि त्याला गुलाबपाण्याचा वास होता. त्याला मी लागले. त्याने हात उलटा करून माझ्याकडे पाहिले.

"इंजिनियर, हे काय? कॅनडात सोनं संपलं की काय?"

सगळे हसले. तंबूच्या दाराशी इलायस उभा होता, तोच काय तो हसला नाही. त्या क्षणी शशिकांतला फक्त खरे सांगायचे होते. ही अंगठी आहे म्हणून मी या कागदावर सही करू शकत नाही, एवढेच एक वाक्य. मी त्याच्या कातडीला घट्ट चिकटले होते. करंगळीतही नाडी लागते, मित्रांनो. ती धावत होती.

"महामहीम," तो म्हणाला, "आमच्याकडे शनी नावाचा एक ग्रह आहे. त्याची वाईट नजर लागू नये म्हणून घालतात."

मार्शलचे डोळे चमकले. तो देवभोळा होता. "खरंच राखते?"

"लोक तसं म्हणतात."

"मग मलाही एक करवून घेतली पाहिजे. माझ्यावर तर किती जणांची नजर!" पुन्हा सगळे हसले. मग मार्शल खाली वाकला आणि हसऱ्या चेहऱ्याने हळू आवाजात म्हणाला, "सही करा. तुम्ही नाही केलीत तर तुम्ही विमानाने घरी जाल. पण तुमच्या त्या ठोकळेवाल्याला जायला दुसरा देश नाही."

शशिकांतने सही केली. मी जीव तोडून टोचले. कागदावर सहीच्या खाली माझा एक बारीक ओरखडा उठला, बाकी काही झाले नाही. वर पाहिले तेव्हा तंबूच्या दारात कुणी नव्हते.

पुढे तो वर्षानुवर्षे स्वतःला सांगत राहिला, की मी इलायसला वाचवायला सही केली. ते अगदीच खोटे नव्हते. पण शनीचे नाव त्याने घेतले ते धमकीच्या आधी. हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होते.

तीन पावसाळे भिंत उभी राहिली. एक्क्याण्णवच्या पावसात सांडव्याची भिंत मधोमध फुटली. खाली लुमे नावाचे गाव होते. दोनशेहून जास्त माणसे गेली, त्यांतली पुष्कळशी तुमच्या वयाची मुले होती. मार्शल रेडिओवर रडला. मग म्हणाला, की प्रयोगशाळेतल्या एका देशद्रोह्याने खोटे आकडे लिहून आपल्याला फसवले. इलायसला पकडले. त्याची नोंदवही कुठे गेली कुणाला कळले नाही. श्रीमंत देशांनी दुःख व्यक्त केले आणि नवी भिंत बांधायला नवे कर्ज दिले.

शशिकांतने ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत वाचली. कंपनीच्या वकिलाने सांगितले, की कुणीही काहीही बोलायचे नाही. तो बोलला नाही. त्र्याण्णवच्या मे महिन्यात एक पाकीट आले. तिकिटावर मार्शलचे चित्र होते. आत सिगारेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद होता आणि त्याच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती. "मित्रा, आकडे तुझ्याही वहीत आहेत."

शशिकांत उत्तर लिहायला बसला. हात टेकला, मी कागदाला लागले. त्याने "प्रिय इलायस" एवढे लिहिले. मग कागद फाडला, चिठ्ठी वहीत ठेवली, आणि वही तळघरात एका खोक्याच्या तळाशी गेली. दोन वर्षांनी इलायस तुरुंगातच वारला. तीही बातमी कुठूनशी आली. त्या दिवशी शशिकांतने अंगणातले बर्फ तीन वेळा शोव्हल केले. मंदाकिनी म्हणाली, "अहो, पडायचं तर थांबू द्या आधी."

त्यानंतर मी बोटात असूनही नसल्यासारखीच होते. तो चारचौघांत हात खिशात घालून बसू लागला. माझ्या कडा झिजल्या, पैलू पुसले. कंपनीने निरोप दिला तेव्हा एका तरुण इंजिनियरने भाषणात माझा उल्लेख केला. म्हणाला, अंगठी गुळगुळीत होणे म्हणजे अनुभवाने माणूस शहाणा होणे. टाळ्या झाल्या. इतकी वाईट स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

मार्शल चाळीस वर्षे टिकला. मग दुसऱ्या देशांत स्वस्त तांबे सापडले आणि तेबासाची गरज संपली. ज्यांना चाळीस वर्षे काही दिसले नव्हते, त्यांना एका आठवड्यात सगळे दिसू लागले. तुरुंग दिसले, लूट दिसली. कर्ज थांबले, सैन्याचा पगार थांबला, आणि सैन्याने तोंड फिरवले. मार्शल विमानात बसून निघाला. ज्या विमानतळांवर त्याच्यासाठी गालिचे अंथरले जात, त्यांनी त्याला उतरू दिले नाही. इंधन संपत आले तेव्हा विमान त्याच्याच राजधानीत परत आले.

एटोबिकोच्या दिवाणखान्यात आम्ही ते टीव्हीवर पाहिले. एक थकलेला म्हातारा शिडीवरून उतरत होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकत होता. मंदाकिनी पुढे सरकली.

"अगं बाई! अहो, बघा तरी. त्याच्या मधल्या बोटात लोखंडाची अंगठी आहे. अगदी शनीची घालतात तशी! याला कुणी सांगितली?"

शशिकांतने टीव्ही बंद केला आणि चहा नको म्हणाला. म्हातारा कैदेतच मेला. त्याने लुटलेले परदेशी बँकांत राहिले आणि त्याने मोडलेले देशात राहिले.

सामोंडात नवे सरकार आले आणि जुन्या गुन्ह्यांची चौकशी करायला एक आयोग बसला. इलायसच्या बायकोने, मार्ताने, अर्ज केला होता. तिची एकच मागणी होती. लुमे गावाबाहेर मेलेल्यांच्या नावांचा एक दगड आहे. त्याखाली मार्शलच्या काळात कोरलेले आहे, की हे इलायसने केले. ते खोडून काढा. पण पुरावा कुठे होता? आयोगाने शशिकांतला पत्र पाठवले. एक आले, दोन आली, तीन आली. तो ती न वाचता स्वयंपाकघराच्या खणात टाकायचा.

याच सुमारास गौरांगी माझ्यावर हक्क सांगू लागली. ती नंदनची मुलगी, शशिकांतची नात. वॉटर्लू विद्यापीठात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शेजारच्या किचनर गावात मैत्रिणींबरोबर राहत होती. घरातल्या इंजिनियरची अंगठी नातवंडांना मिळू शकते, हे तिने कुठेतरी ऐकले होते.

"आबा, मला नवी नकोय. आय वॉन्ट युअर्स. कॅन आय?"

"बघू," म्हणून तो विषय बदलायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी ती तळघरात बर्फावरचे जुने बूट शोधायला गेली आणि वर आली ती हातात वही घेऊन. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत तिला धड अक्षरे आली नाहीत, पण अंक आले होते.

"आबा, धिस इज काँक्रीट, राइट? पंचवीस हवेत ना? आणि हे सोळा, पंधरा... तेरा? हे कोणी पास केलं?"

शशिकांतने वही घ्यायला हात पुढे केला. वहीतून चंदेरी कागद खाली पडला. मंदाकिनीने तो उचलला, वाचला आणि दिव्याखाली नेऊन पुन्हा वाचला. इलायस कोण ते तिला माहीत होते. त्याच्यासाठी तिने मेतकुटाचे किती डबे भरले होते.

"अहो, हा माणूस तुम्हाला बोलावत होता?"

"हो."

"आणि तुम्ही?"

तेव्हा त्याने सगळे सांगितले. तंबू, शनी, सही. सांगताना तो मला बोटात गोल गोल फिरवत होता. मंदाकिनी खुर्चीत बसली. "पन्नास वर्षं मी तुमचा हात बघतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही शांत स्वभावाचे आहात."

गौरांगीने खणातली पत्रे बाहेर काढली. सुनावणीला तीन आठवडे उरले होते. नंदनला फोन लागला. तो म्हणाला, "बाबा, डोन्ट साइन एनिथिंग, डोन्ट से एनिथिंग. आधी लॉयरशी बोलू. तुमचं वय काय, आता कशाला हे?"

शशिकांत म्हणाला, "नंदन, हेच मी तेव्हाही ऐकलं होतं."

सुनावणी संगणकावर होती, सकाळी दहाला. मंदाकिनीने पोहे केले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. बाहेर रस्त्यावरचे बर्फ बाजूला सारणारी गाडी घरघरत होती. पडद्यावर आयोगाचे तीन जण होते आणि एका कोपऱ्यातल्या चौकटीत पांढऱ्या केसांची एक बाई होती. ती मार्ता. शशिकांतने वही उघडली आणि एकेक तारीख, एकेक आकडा वाचला. गौरांगी पानाखाली बोट धरून बसली होती. चाळीस मिनिटे लागली. शेवटी तो म्हणाला, "इलायसने एकही आकडा खोटा लिहिला नाही. खोटी फक्त माझी सही होती."

आयोगाच्या अध्यक्षांनी मार्ताला विचारले, काही विचारायचे आहे का.

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "त्याने तुरुंगातून तुम्हाला एक चिठ्ठी लिहिली होती. ती बाहेर नेण्यासाठी मी पहारेकऱ्याला माझी लग्नातली कर्णफुलं दिली. उत्तर आलं नाही. इलायस म्हणायचा, चिठ्ठी पोचलीच नसेल, पोचली असती तर शशी आलाच असता. मला एवढंच सांगा. पोचली होती का?"

मित्रांनो, नाही म्हणणे किती सोपे होते! त्या बिचारीलाही तेच बरे वाटले असते. शशिकांतची करंगळी टेबलावर होती आणि तिच्यात मी होते. माझ्या कडा कधीच झिजून गेल्या होत्या. मी टोचू शकत नव्हते. जे काय करायचे ते आता त्याचे त्यालाच करायचे होते.

"पोचली होती," तो म्हणाला. "त्र्याण्णवच्या मे महिन्यात. माझ्याकडे आहे."

मार्ताने डोळे मिटले. "बत्तीस वर्षं," ती म्हणाली, "मी त्या पहारेकऱ्याला शाप देत होते." एवढे बोलून ती चौकटीतून उठून गेली. रिकामी खुर्ची बराच वेळ दिसत राहिली.

लुमेच्या दगडावरचे नाव खोडले गेले. गौरांगीने त्याचा फोटो दाखवला. शशिकांतने मार्ताला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. येईल असे त्यालाही वाटत नाही.

वसंतात गौरांगीचा समारंभ होता. शशिकांतने साबण लावून मला सुजलेल्या पेरावरून मोठ्या कष्टाने काढले. खाली कातडीवर पांढरा खोल वण होता. गौरांगीने हात पुढे केला.

"नको," तो म्हणाला. "तू नवी घे. ही आता टोचत नाही."

"आबा, मला सगळं माहीत आहे. तरी मला हीच हवी."

"तुला माहीत आहे म्हणूनच नको म्हणतो, बाळा."

ती रडली, पण नवी घेतली. परवा ती आजीकडे तक्रार करत होती, की नव्या अंगठीत स्वेटरची लोकर अडकते आणि लिहिताना बोट दुखते. मंदाकिनी म्हणाली, "दुखू दे गं." मी तिथेच होते, स्वयंपाकघराच्या खणात, मार्ताला लिहिलेल्या तिसऱ्या, अजून न पाठवलेल्या पत्रावर वजन म्हणून ठेवलेली. खण उघडला की मला थोडा उजेड दिसतो. गंज चढू लागला आहे, आणि चिंच लावून घासायला मंदाकिनीच्या हातांत आता जोर उरलेला नाही.

मला घासून ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. लोखंड कधी ना कधी गंजतेच. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे कागद येतील, आणि तुमच्या सहीवर कुणाचे तरी गाव उभे असेल. शेजारी एखादा मऊ हाताचा माणूस हसत उभा असेल. तेव्हा जे ठाऊक आहे ते तिथेच, त्याच क्षणी बोला. आणि तेव्हा नाहीच जमले, तर निदान एवढे करा. ज्याला तुमच्या खऱ्या शब्दाची गरज आहे त्याची चिठ्ठी आली, तर ती वहीत ठेवू नका. तो जिवंत आहे तोवर त्याला उत्तर द्या.